आईच्या हातात काय आहे

महालक्ष्म्या जेवल्या त्या दुपारी, पुरणाच्या पंगती उठल्यावर, दैवशालाच्या घरात देवीवरून वाद झाला. वाद तसा मोठा नव्हता. पण बोलणारा कल्याण होता, आणि कल्याण हळू बोलला तरी पार धान्याच्या मोंढ्यापर्यंत ऐकू जायचं.

कल्याण तिचा चुलत दीर. घनसावंगीकडच्या गावाहून दरवर्षी महालक्ष्म्यांना परतूरला यायचा, तीन पुरणपोळ्या तुपात बुडवून खायचा आणि चौथी नको नको म्हणत घ्यायचा. यंदा हात धुऊन देवघरापुढं नमस्काराला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"वहिनी, ह्यो टाक हाय का शर्टाची गुंडी?"

देवघरात त्यांच्या कुळाच्या देवीचा टाक होता. तीन बोटं रुंद चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली देवी. कधीकाळी उठवलेली. सहा पिढ्यांच्या सुनांनी तिला रोज न्हाऊ घातलं, सणासुदीला चिंच आणि रांगोळी लावून घासलं, आणि जिची माया जास्त तिनं जरा जोरातच घासलं. आता डोक्याच्या जागी एक फुगवटा आणि अंगाच्या जागी दुसरा, एवढंच राहिलं होतं. बाकी सगळं गुळगुळीत.

"अशी बिनतोंडाची देवी ठेवत न्हाईत," कल्याण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नवी करू. राधेश्याम सोनाराकडं भवानीचा तयार ठसा हाय. बराबर आठ हात, हातात तलवार, खाली रेडा. आनंत चतुर्दशीला टाक त्याच्याकडं द्यायचा. पितरांच्या पंधरवड्यात तो देवाची चांदी आटवत न्हाई."

त्यांच्या घरी रीतच तशी होती. नवा टाक करताना जुना त्यातच आटवायचा, म्हणजे देव तोच राहतो. दैवशाला हातातली विड्याची पानं तशीच धरून उभी राहिली. तिच्या मनात एवढंच आलं, की एकदा आटवला की देवीआईचा चेहरा कसा होता हे कुणालाच कधी कळणार नाही.

तेवढ्यात पलंगावरून तिची सासू द्वारकाबाई बोलली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. नजर इतकी गेलेली की माणूस पायरवावरून ओळखायची.

"आपल्या आईच्या हातात तलवार न्हाई रे. कणीस हाय. ज्वारीचं."

पोरीबाळी हसल्या. कल्याण तर मांडीवर थाप मारून हसला. "काकू, कणसानं राक्षस मारला का? का भाकरी करून घातली त्याला?"

"माझ्या सासूनं सांगितलं व्हतं," द्वारकाबाई म्हणाली. पण आवाज जरा खाली आला.

दैवशाला चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून पूजा संपेपर्यंत मौन धरायचा तिचा नेम होता. सकाळचं न बोलणं दिवसभर थोडं थोडं अंगात राहायचंच. पण आज ती बोलली.

"तलवार नसावी भाऊजी. तलवारीगत लागत न्हाई."

"कुठं लागत न्हाई?"

"अंगठ्याला."

सव्वीस वर्षं ती रोज पहाटे टाक तळहातावर घेऊन अंगठ्यानं न्हाऊ घालत होती. अंगाच्या फुगवट्याच्या उजव्या बाजूला अंगठा गेला की तिळासारखं काहीतरी बारीक खरखरायचं. डोळ्याला ते कधी दिसलं नव्हतं. हे कसं सांगायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा एवढंच म्हटलं, "तलवार न्हाई."

कल्याण वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "चतुर्दशीला धा वाजता येतो. तवर आईच्या हातात काय हाय ते दाखवा, मी स्वतः राधेश्यामला सांगतो तसंच कर म्हणून. न्हाई दिसलं तर तयार ठसा. कबूल?"

आणि तो दारातून बाहेर पडताना चिमणीनं त्याच्या टोपीवर प्रसाद टाकला.

चौकटीला ज्वारीचं वाळकं कणीस टांगलेलं होतं. शेतातल्या नव्या ज्वारीचं पहिलं कणीस देवापुढं न ठेवता दारावर चिमण्यांसाठी टांगायचं, हा त्या घराचा कायदा. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणाला माहीतही नव्हतं. "देव झिजला अन् चिमण्या माजल्या!" कल्याण टोपी झटकत जीपकडं गेला.

हातात पाच दिवस होते.

दैवशालाचा नवरा राजानंद मोंढ्याच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नं तो करायचा, पासपोर्टचे फोटो ती काढायची. गेले आठ महिने त्याच्या डोक्यात एक मॅक्रो लेन्स बसली होती, अगदी जवळून बारीक वस्तू मोठी टिपणारी. हल्ली लग्नात नवरीची अंगठी, मेंदीतलं नवऱ्याचं नाव, मंगळसूत्राच्या वाट्या, सगळं भिंतीएवढं मोठं करून हवं असतं. आठ महिने तो मोबाईलवर व्हिडिओ बघत होता आणि जेवताना निकाल सांगत होता. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. एका गोष्टीवर मात्र ठाम होता, ऑटोफोकस पाहिजेच. बटण अर्धं दाबलं की लेन्सनं आपणच नेम धरला पाहिजे.

त्या संध्याकाळी दैवशालानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "अहो, ती जवळचं दाखवणारी लेन्स घ्यायचीच हाय ना?"

"घ्यायचीच हाय. बघून राह्यलो."

"मंग उद्या घेऊ."

राजानंदचा घास हातातच राहिला. आठ महिन्यांचा विचार तिनं तीन शब्दांत संपवला होता.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं दोघं जालन्याला गेले. इजहारभाईचं दुकान एका अरुंद बोळात होतं. वापरलेले कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, सगळं काचेच्या कपाटात ओळीनं. साठीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. राजानंदची त्याची जुनी ओळख. दैवशालाला बघून तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची पुसून दिली.

"बसा भाभी. हे आठ महिन्यांपासून फोनवर माझं डोकं खाऊन राह्यलेत. आज तुम्ही आल्या म्हणजे सौदा होणार, मला दिसून राह्यलं."

"इजहारभाई, ऑटोफोकसवाली काढा," राजानंद म्हणाला.

"काढतो. पहले एक सांगा, फोटो हलणाऱ्या चीजेचा की थांबलेल्या?"

"दोन्ही."

"थांबलेल्या," दैवशाला म्हणाली. "सहा पिढ्या एका जागी बसलेली हाय ती." आणि हळूहळू, शब्द निवडत, तिनं टाकाची सगळी गोष्ट सांगितली.

इजहारभाईनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं दोन लेन्सा काचेवर ठेवल्या. एक नवी कोरी, गुळगुळीत, जड. दुसरी जुनी. काळा रंग उडून कडांना पितळ उघडं पडलेलं, आणि भोवती खाचांची रुंद कडी.

"ही नवी. मोटर आहे, आपणच फोकस करते. आणि ही माझ्या अब्बांची, फकरोद्दीन साहेबांची. बियाण्यांच्या कंपन्यांच्या पुस्तिकेसाठी ते बियांचे फोटो काढायचे. सरकी, बाजरी, मिरचीचं बी. एका बीला अर्धा दिवस. हिला मोटर-बिटर काही न्हाई. सगळं हातानं."

"आजच्या जमान्यात हातानं कोण करतं?" राजानंद हसला. "नवरी थांबती का तवर?"

"नवरी न्हाई थांबत, बिलकुल बराबर. पण ऑटोफोकसला कड लागते, राजूभाई. जिथं काळ्याला पांढरं भिडतं, तिथं तो पकडतो. तुमच्या देवीला कडच राह्यली न्हाई. तो बेचारा कशाला पकडणार?"

"मोटर नवीन हाय. पकडंल."

इजहारभाईनं वाद घातला नाही. जुनी लेन्स दैवशालाच्या हातात दिली. कडी फिरवली तर ती लोण्यात बोट फिरावं तशी फिरली.

"भाभी, अब्बांची एक तरकीब सांगतो. इतक्या जवळून केसाएवढीच जागा साफ दिसते. जरा इकडं-तिकडं झालं की धुकं. तर कडी एकदा लावायची आणि तिला हात लावायचा न्हाई. मंग आपण हलायचं. अंगानं, जरासं पुढं, जरासं मागं. साफ दिसलं की साँस रोकायचा अन् बटण दाबायचं." त्यानं दोन्ही लेन्सा एका पिशवीत घातल्या. "दोन्ही न्या. जी काम करंल ती ठेवा, दुसरी चतुर्दशीनंतर परत आणा. पैशाचं तेव्हा बघू."

घरी आल्यावर पहिली चूक दैवशालानंच केली, आणि ती चूक तिच्यासारखीच बाई करू शकते. आईचा फोटो काढायचा, म्हणजे आई नटायला हवी. तिनं चिंच लावून, रांगोळीनं घासून टाक असा उजळला की आरशात आणि त्यात फरक राहिला नाही. वर ठसठशीत कुंकू लावलं.

राजानंदनं नवी लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्र करून पुढं गेली, घर्र करून मागं आली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेलं पोर हात पसरून फिरतं, तसं तिचं चाललं होतं. शेवटी टुक् वाजलं.

"पकडली! म्हणलं न्हवतं?"

पडद्यावर मोठं करून बघितलं तर कुंकवाचा एक कण, डोंगराएवढा, अगदी कोरीव. त्याच्यामागं आई म्हणजे नुसतं धुकं.

कुंकू पुसून पुन्हा काढला. या वेळी लेन्सनं काय पकडलं ते बराच वेळ कळेना. मग राजानंदनं आपल्या शर्टाकडं बघितलं. चौकडीचा शर्ट होता. उजळलेल्या चांदीत त्याच्याच पोटावरच्या चौकड्या उमटल्या होत्या.

"आईनं कपडे बदललेले दिसतात," तो म्हणाला, पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही.

दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं हट्ट सोडला आणि जुनी लेन्स लावली. पण बावीस वर्षं लग्नात पळत फोटो काढलेला हात. कडी फिरवली की साफ जागा झर्रकन येऊन निघून जायची. उलटी फिरवली की तशीच पुन्हा निसटायची. "माझ्या हातात घाई भरलेली हाय," शेवटी तो म्हणाला आणि कॅमेरा खाली ठेवला. "अन् खरं सांगू का, दैवशाला? चेहराच राह्यला नसंल तर कोणती बी लेन्स काय करंल?"

तिनं टाक उचलून पुन्हा देवघरात ठेवला.

पण सगळ्यात जड संध्याकाळच जायची. द्वारकाबाई पायरव ओळखून विचारायची, "दिसली का गं?"

"न्हाई आत्याबाई. उद्या बघू."

चौथ्या संध्याकाळी म्हातारीनं विचारलंच नाही. दैवशाला दूध घेऊन गेली तेव्हा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला तरी कुठं दिसली व्हती? मी आले तवाबी झिजलेलीच व्हती. सासू म्हणली कणीस, मी म्हणलं कणीस. कुणास ठावं, तीबी ऐकूनच सांगत असंल. राहू दे बाई. भवानी काय परकी हाय का?"

दैवशालानं दुधाचा पेला तिच्या हातात दिला आणि बोटं पेल्याभोवती नीट बसेपर्यंत आपला हात तसाच ठेवला. सासूनं आजवर तिला पुष्कळ काय काय सुनावलं होतं. पण स्वतःच्या बोलण्यावरून मागं सरकताना तिनं म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं.

चतुर्दशी उजाडली. पहाटे न्हाऊन, तोंडात पाण्याचा थेंब न घेता दैवशाला देवघरापुढं बसली. समई लावली. आज चिंच नको, रांगोळी नको, असं तिला आपोआपच वाटलं. आज शेवटचं न्हाऊ घालायचं, तर पोरीला घालतो तसं घालू. कोमट पाणी, थोडं दूध, पुन्हा पाणी. मग तिनं अष्टगंध उगाळलं. रोज ती कपाळापुरता टिळा लावायची. आज बोटभर गंध घेतलं आणि सगळ्या टाकाला माखलं, वरपासून खालपर्यंत. देवीला लेप देतात तसं.

गंध जास्त झालं. वाळायला लागल्यावर तिनं ओल्या अंगठ्यानं वरचं वरचं पुसून घेतलं.

आणि हात थांबला.

वरचं गंध निघालं होतं, पण खाचांत बसलेलं निघालं नव्हतं. चांदीवर केशरी रेघा उमटल्या होत्या, केसाहून बारीक. समईच्या उजेडात त्या दिसत होत्या असंही म्हणवत नव्हतं आणि नाहीत असंही म्हणवत नव्हतं. डोळे जवळ नेले की विरायच्या. पण आज आईला कड होती.

दैवशालानं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पूजा व्हायची होती. माळ व्हायची होती. मौन सुटलं नव्हतं, आणि पूजेवरून अर्ध्यात उठणं तर तिला ठाऊकच नव्हतं. तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि ताम्हणावर दोनदा वाजवला.

राजानंद दात घासत आला. "काय झालं? इंचू निघाला का?"

तिनं मान हलवली. डोळ्यापुढं दोन्ही हात धरून बटण दाबल्याची खूण केली.

"कॅमेरा? आत्ता? पूजा चालू हाय ना तुझी?"

तिनं पुन्हा तीच खूण केली, आणि या वेळी भुवया अशा चढवल्या की तो तोंडातला फेस थुंकून पळतच गेला. आणला तो नवी लेन्स लावलेला. तिथंच उकिडवं बसून त्यानं बटण दाबलं. लेन्स घर्र घर्र करत फिरली आणि टुक् करून समईच्या ज्योतीवर जाऊन बसली. पुन्हा दाबलं, तर टाकाच्या काठावर बसली. "अजून एकदा," तो पुटपुटला.

दैवशालानं हात पुढं केला. कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं, मग दोन बोटांनी कडी फिरवल्याची खूण केली. दुसरी आण.

लेन्स बदलली. कॅमेरा तिनं स्वतःच्या हातात घेतला. टाक तांदळाच्या राशीत उभा केला, मांडी घालून बसली आणि कोपरं गुडघ्यांवर रोवली. राजानंदनं मोबाईलची बत्ती समोरून धरली, तर तिनं त्याचं मनगट धरून बाजूला नेलं, खाली नेलं, अगदी जमिनीला टेकवलं. उजेड तिरपा आला तशा रेघा जाग्या झाल्या.

कडी तिनं एकदाच फिरवली, जिथं केशरी रंग जरा गडद झाल्यासारखा वाटला तिथपर्यंत. मग हात काढून घेतला. आणि मनातल्या मनात जप सुरू केला.

सव्वीस वर्षं रोज एकशेआठदा घेतलेलं नाव. नाव घेताना श्वास बाहेर जायचा, दुसऱ्या नावाआधी पळभर थांबायचा. त्या श्वासाबरोबर तिचं अंग रोजच जरासं पुढं जायचं आणि मागं यायचं. हे तिला आजवर कधी जाणवलंही नव्हतं. आज कॅमेऱ्यातून ते दिसायला लागलं. नावाबरोबर धुकं पुढं सरकलं. दुसऱ्या नावाला मागं आलं. तिसऱ्या, चौथ्या. कुठं घाई नव्हती, कारण माळेला घाई नसते. अकराव्या की बाराव्या नावाला, श्वास थांबतो त्या पळाला, धुक्यातून एक भुवई वर आली.

तिनं बटण दाबलं.

मग नाक. मग ओठ. हसरे होते. मग ती कॅमेरा तसूभर उजवीकडं घेऊन गेली, जिथं अंगठ्याला सव्वीस वर्षं खरखरत होतं तिथं. आणि नाव घेत राहिली.

राजानंदला कॅमेऱ्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त बायकोचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काय गं? काय दिसलं? बोल की!"

ती बोलणार कशी? तिनं डाव्या हातानं घंटी उचलली आणि वाजवायला लागली. आरतीला वाजवतात तशी नाही. शाळा सुटल्यावर वाजवतात तशी. द्वारकाबाई पलंगावर उठून बसली, "आरती झाली का एवढ्या लवकर?" शेजारची गिरिजाबाई प्रसादाला वाटी घेऊन दारात येऊन उभी राहिली. आणि घंटी वाजतच राहिली.

राजानंदनं कॅमेरा घेऊन पडदा बघितला, मोठं करून बघितलं. आणि त्यानं ज्या देवघरापुढं आजवर घाईतच हात जोडले होते, तिथं डोकं टेकलं.

पूजा मात्र तिनं पुरी केली. माळ, आरती, नैवेद्य. तेवढ्यात तो स्टुडिओत पळाला, फोटो जुळवून परातीएवढा मोठा छापून घेऊन आला. पहिला फोटो द्वारकाबाईच्या मांडीवर, खिडकीच्या उन्हात.

म्हातारीनं नाक टेकेपर्यंत डोळे जवळ नेले. बोटानं वाट काढत काढत ती चेहऱ्यावर फिरली, खांद्यावर आली, खांद्यावरून हातावर. एवढी मोठी झालेली आई तिच्या डोळ्यांना प्रथमच दिसत होती.

"दाणे," ती म्हणाली. "दाणे हायेत गं. ओळीनं. कणीस हाय!"

"कणीसच हाय आत्याबाई," दैवशाला म्हणाली. मौन सुटल्यावरचं तिचं पहिलं वाक्य.

"अन् हे काय? कणसावर हे काय बसलंय?"

कणसाच्या टोकाला, दाण्यात चोच खुपसून, एक चिमणी बसली होती. शेपटी वर उचललेली. हे कुणीच सांगितलं नव्हतं. सासूच्या सासूनंही नाही. सगळ्यांच्या आधी तीच झिजली असणार.

द्वारकाबाईचं बोट चिमणीवर थांबलं. मग तिनं दाराकडं तोंड वळवलं, जिकडून चिवचिव येत होती. आणि दात नसलेल्या तोंडानं अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "म्हणून टांगायचं व्हय ते! अगं बाई बाई! एवढी वर्षं टांगतोय, अन् आई आपली हातात धरून दाखवून राह्यली!"

बरोबर दहाला कल्याण आला, नवी टोपी घालून. दारातल्या कणसाखालून जपून वाकून आत शिरला. फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. तो समोर उभा राहिला, जवळ गेला, मागं आला. इतका वेळ कल्याण गप्प बसलेला त्या घरानं प्रथमच पाहिला.

"तलवारीची मूठ असंल ती," शेवटी तो म्हणाला, पण दम नव्हता.

"मुठीला दाणे असतात का रं?" पलंगावरून आवाज आला. आज तो वर चढलेला होता. "अन् मुठीवर चिमणी बसती का? मोज, दाणे मोज."

कल्याणनं खरंच मोजले. बोट लावून, पुटपुटत, सत्तावीसपर्यंत. मग टोपी काढून हातात घेतली, फोटोपुढं वाकला आणि तसाच वळून दैवशालाच्या पायाकडं वाकला.

"अहो, हे काय भाऊजी!" ती दोन पावलं मागं सरली.

"राहू द्या वहिनी. मी हरलो तर नीट हरतो."

राधेश्यामच्या दुकानात सगळेच गेले. म्हातारीसुद्धा रिक्षातून. राधेश्यामनं भिंगातून टाक बघितला, फोटो बघितला, पुन्हा टाक बघितला. "असा ठसा माझ्याकडं न्हाई. जालन्यातबी न्हाई मिळायचा. हातानं ठोकावा लागंल, पंधरा दिवस जातील."

"घटस्थापनेला पाहिजे," कल्याण म्हणाला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, समोरचे दुकानदार बाहेर आले. "अन् चिमणी बराबर आली पाहिजे! शेपटी वर! एक दाणा कमी आला तर मी घेणार न्हाई, सत्तावीस हायेत, मी स्वतः मोजलेत!"

मुशीत जुना टाक घालताना दैवशालानं डोळे मिटले नाहीत. आता मिटायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राजानंद नवी लेन्स परत करायला जालन्याला गेला. इजहारभाईनं पिशवीत डोकावून बघितलं, जुनी तिच्यात नाही हे बघून चष्मा डोळ्यांवर चढवला. "मंग राजूभाई, नवरी थांबणार का आता?"

"नवरीचं मी बघतो," राजानंद म्हणाला. "ती लेन्स माझी न्हाईच. मालकीणबाईंची हाय." आणि त्यानं फोटो काचेवर पसरला. इजहारभाईनं वाकून एकेक दाणा बघितला. मग कपाटाच्या तळातून अब्बांनी काढलेला बाजरीच्या दाण्याचा पिवळा पडलेला फोटो काढून त्याच्याशेजारी ठेवला. दोन्ही फोटो तसेच काचेखाली राहिले.

घटस्थापनेच्या पहाटे नवी आई देवघरात आली. धारदार नाक, हसरे ओठ, हातात कणीस, कणसावर चिमणी. दैवशालानं कोमट पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. चिंचेचा गोळा आणि रांगोळीचा डबा तिनं कधीच माडीवर टाकून दिला होता. घासायचं नाही हे ठरलेलंच होतं. अंगठा मात्र आपल्या वाटेनं गेला, उजवीकडं वळला आणि त्याला ओळखीची खरखर लागली.

बाहेर कल्याण शिडीवर चढला होता. आपल्या वावरातल्या लवकर येणाऱ्या हळव्या ज्वारीचं पहिलं कणीस त्यानं स्वतः आणलं होतं आणि स्वतःच चौकटीला बांधत होता. गाठ मारून होईतो पहिली चिमणी आलीसुद्धा, आणि पुन्हा त्याच्या टोपीवर प्रसाद पडला.

"भाऊजी, टोपी!" दैवशाला आतून म्हणाली. पूजा झाली होती, बोलायला हरकत नव्हती.

"असू द्या वहिनी," कल्याण शिडीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "आपल्या आईची हाय!"